विमानांच्या आधी आलेल्या बिल्ट्या

आमच्या घरात दुसरं महायुद्ध १९४४ साली सुरू होतं. शाळेच्या पेपरात आम्ही सगळ्या भावंडांनी १९३९ लिहून मार्क मिळवले, ते वेगळं. आबाजी ओसरीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता "लढाई आली तेव्हा" म्हणाले, की ती लढाई खरगपूरच्या मालधक्क्यावर आलेली असायची आणि सिमेंटच्या पोत्यांतून उतरायची. हिटलर, पोलंड, डंकर्क हे त्यांच्या लेखी पेपरातलं. लढाई म्हणजे अमेरिकन, आणि अमेरिकन म्हणजे वॅगनी वेळेवर रिकाम्या न करणारे लोक.

आबाजी माझ्या आईचे वडील. बंगाल-नागपूर रेल्वेत, म्हणजे बी. एन. आर.मध्ये, मालबाबू होते. त्या काळच्या नागपुरात मुलगा बी. एन. आर.मध्ये लागला म्हटलं की मुलीचा बाप पत्रिका फारशी ताणून पाहत नसे. पगार लागू, पास लागू, क्वार्टर लागू. फक्त बदली कुठं होईल ते रेल्वेलाच ठाऊक. लाइन नागपूरहून निघून रायपूर, बिलासपूर, चक्रधरपूर करत बंगालात उतरायची, आणि आबाजी त्या लाइनीवरून सरकत सरकत खरगपूरला पोचले. साल १९४१ असावं. आजी सांगायची की थोरल्या मामाचं जावळ झालं त्या वर्षी, आणि मामाचं जावळ कोणत्या वर्षी झालं यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत.

आजीनं नागपूरहून वरवंटा नेला. पाटा जड म्हणून तिथं घ्यायचा ठरला. त्या खरगपुरी पाट्याचं आणि नागपुरी वरवंट्याचं कधी जमलं नाही, असं ती शेवटपर्यंत म्हणे, आणि तिकडच्या चटण्या बिघडल्या त्याचा दोष त्या सोयरिकीवर टाके. शेजारी बंगाली, पलीकडे तेलुगू, चौकापलीकडच्या बंगल्यांत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर. नागपुरी घरं थोडी, पण गार्डांच्या हातून नागपूरचा माल येत राही: जवसाचं तेल, भिवापुरी मिरच्या, पुडाच्या वडीसाठी खसखस, आणि हंगामात संत्र्यांच्या करंड्या. सरसूच्या तेलाचा वास तिला मानवला नाही. मासळीचा मात्र मानवला, पण हे ती माहेरी कुणाला सांगत नसे. मला सांगितलं, तेव्हा तिची पंचाहत्तरी उलटली होती.

अमेरिकनांकडे यायचं आहे, पण आजी मला तिथं सरळ जाऊ देत नाही. तिच्या आठवणीत त्यांच्या आधी भूक आहे. १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर मोठं वादळ आलं, कांथी आणि तामलुककडची गावंच्या गावं समुद्राच्या पाण्यानं धुऊन निघाली. त्याच्या आधीच सरकारनं, जपानी आले तर त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून, किनाऱ्यावरच्या होड्या आणि साठवलेला तांदूळ काढून नेला होता. शिवाय त्याच वर्षी 'चले जाव'मध्ये तामलुक पेटलेलं, सप्टेंबरात म्हाताऱ्या मातंगिनी हाजरा हाती तिरंगा घेऊन गोळी खाऊन पडलेल्या. १९४३ साल उजाडलं ते उपासानं. रेल्वेच्या नोकरांना धान्य मिळे, म्हणून रेल्वे कॉलनीच्या दारांशी माणसं येत. भात मागत नसत. 'फ्यान दाओ' म्हणत, भाताची पेज तेवढी द्या. बंगाली घरांत भात वेळून पेज काढतात, आमच्या आजीच्या घरी तसा रिवाज नव्हता. मग तिनं आधणात पाणी वाढवायला सुरुवात केली, पेज निघावी म्हणून. भात गिचका व्हायचा, आबाजी ताटावर बसून काही बोलत नसत. गोळाभात त्या वर्षी आमच्याकडे झाला नाही, एवढं ती सांगे आणि विषय बदले.

त्यानंतर, थंडीच्या दिवसांत, बिल्ट्या यायला लागल्या.

आबाजींचं एक वाक्य आम्हाला पाठ आहे: "विमानं मी मागून पाहिली बाप्पा, आधी त्यांच्या बिल्ट्या पाहिल्या." सिमेंट, खडी, लोखंड, डांबर, पेट्रोलचे पिंप, तंबूंचं कापड, बांबू. पाठवणारं खातं लष्करी, उतरवायचं ठिकाण चाकुलिया, कलाईकुंडा, दुधकुंडी, पियारडोबा. ही सगळी आमच्या लाइनीच्या आसपासची गावं, साल आणि पळसाच्या जंगलातली. चाकुलियाला उतरून कोण काय करणार, असा प्रश्न आबाजींना पडला होता. तिथं स्टेशनमास्तर आणि कोंबड्या एवढीच वस्ती, असं ते सांगत. हा त्यांचा फुगवटा असणार, संथाळांची गावं तिथं होतीच.

काय होणार होतं ते एप्रिलात दिसलं. २ एप्रिल १९४४ ला चाकुलियाच्या धावपट्टीवर पहिलं बी-२९ उतरलं. सुपरफोर्ट्रेस हे त्याचं पेपरातलं नाव. आबाजी 'ट्वेंटीनाइन' म्हणत, आपल्या पाव्हण्याचं नाव घ्यावं तसं. पंखांची लांबी १४१ फूट, चार एंजिनं, प्रत्येक एंजिनाला १८ सिलिंडर, आत ११ माणसं. इतकं मोठं बाँबफेकी विमान तोवर कुणी लढाईत उतरवलं नव्हतं. ते अजून पुरतं तयारही झालेलं नव्हतं, एंजिनं तापायची आणि पेट घ्यायची. अमेरिकेहून मोरोक्को, कैरो, कराची असं येताना कराचीच्या आसपास एप्रिलातच एकामागून एक विमानं पडली आणि काही दिवस सगळी उड्डाणं थांबवावी लागली. असल्या विमानाला जुन्या सहा हजार फुटी पट्ट्या पुरेनात, म्हणून त्या साडेसात हजार फुटांपर्यंत वाढवायच्या होत्या. ते सिमेंट, ती खडी त्यासाठी.

इतिहासाच्या पुस्तकांत या सैन्याची नावं भारदस्त आहेत: विसावी बाँबर कमांड, तिच्या हाताखाली ५८ वी बाँबफेकी विंग, तिच्यात ४०, ४४४, ४६२ आणि ४६८ क्रमांकाचे चार ग्रुप. चाळिसावा चाकुलियाला, ४६२ वा पियारडोब्याला. आबाजींना यातला एकही आकडा ठाऊक नव्हता. त्यांना ठाऊक होते ते या ग्रुपांच्या मागून चालणारे लोक: एंजिन उतरवणारे, तेल भरणारे, बाँब मोजणारे, पाव भाजणारे, हवामानाचे फुगे सोडणारे, रस्ता दाबणारे. हजारो होते. एका विमानात अकरा बसत, पण ते अकरा आभाळात जावेत म्हणून जमिनीवर किती हात लागत, हा हिशेब मालबाबूला वैमानिकापेक्षा चांगला कळतो असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. सैन्याच्या गोष्टी आपण वैमानिकांच्या तोंडून ऐकतो म्हणून त्या उंचावरून दिसतात. आमच्याकडे ती गोष्ट धक्क्यावरून आली.

उन्हाळ्यात मेकॅनिक रात्री काम करत. दिवसा पत्र्याला हात लावला की कातडी सोलून निघे. बांबूच्या, गवतानं शाकारलेल्या लांबट झोपड्यांत ते राहत, 'बाशा' म्हणत त्यांना. घामोळं, मलेरिया, हगवण. पोरगेल्या वयाचे होते, आजी म्हणे, ओठावर नीट मिसरूड नाही आणि निघाले जपानला. त्यांच्याकडचे डबाबंद मटण, अंड्याची भुकटी, च्युइंगगम हे जिन्नस कॉलनीत कसे पोचत ते कुणी विचारू नये. अंड्याच्या भुकटीचं पोळं एका अँग्लो-इंडियन बाईनं करून आजीला दाखवलं होतं. आजीनं ते दुरून पाहिलं. बेसनाचं धिरडं बिघडलं तर असं दिसतं, हा तिचा अभिप्राय.

संत्र्यांची गोष्ट मात्र आबाजींची लाडकी. मृगाच्या बहाराची करंडी नागपूरहून आली होती. सिमेंटच्या वॅगनी सोडवायला रोज धक्क्यावर येणारा एक सार्जंट होता, जाड चष्म्याचा. आबाजींनी त्याला एक संत्रं दिलं. त्यानं सोलून, फोडी मोजून, एक एक करून खाल्ली आणि बिया खिशात टाकल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं सिगारेटचं पाकीट आणलं. आबाजी सिगारेट ओढत नसत, पण पाकीट घेतलं. थोरला मामा म्हणतो संत्रं नव्हतं, मोसंबं होतं. मामा तेव्हा चार वर्षांचा.

आता तेलाचा हिशेब. हा आबाजी पाटीवर मांडून दाखवत. विमानं राहायची बंगालात, पण इथून जपान आवाक्याबाहेर. म्हणून चीनमध्ये चेंगदूभोवती चार पट्ट्या बांधल्या. तिथल्या शेतकऱ्यांनी, लाखोंनी, हातानं दगड फोडून आणि माणसांनी ओढायचे रूळ फिरवून बांधल्या. पण चेंगदूला तेल न्यायला रस्ता नाही, ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती. मग तेलही विमानानंच न्यायचं, हिमालयाचं पूर्वेकडचं टोक ओलांडून. अमेरिकन त्या वाटेला 'हंप' म्हणत. आसामात चबुआ, दिनजान, जोरहाट इथून मालवाहू विमानं रात्रंदिवस त्या वाटेनं जात. लढाई संपेपर्यंत त्यांनी साडेसहा लाख टनांच्या आसपास माल पलीकडे टाकला आणि त्या डोंगरांत पाचशेहून अधिक विमानं घालवली. बी-२९ विमानांनाही स्वतःचं तेल स्वतःच वाहून न्यावं लागे. जपानवरच्या एका खेपेपुरता साठा चेंगदूत व्हावा म्हणून एकेका विमानाला हंपवरून सहा-सात हेलपाटे. "म्हणजे काटोलला कडब्याची गाडी घेऊन निघायचं," आबाजी म्हणत, "वाटेत बैलांनीच कडबा खाऊन टाकायचा, आणि उरलेल्या दोन पेंढ्यांवर बाजार करायचा. काऊन करून राहिले हे, मला समजेना."

अमेरिकनांनाही पुढे तो हिशेब परवडला नाहीच. १५ जून १९४४ च्या रात्री चेंगदूहून ६८ विमानं जपानातल्या यावाताच्या पोलाद कारखान्यावर निघाली, त्यांतली ४७ तिथवर पोचली. नुकसान झालं ते नावापुरतं. पेपरांत मात्र मोठे मथळे आले. त्याच्या दहा दिवस आधी, ५ जूनला, या ताफ्याचा पहिलावहिला हल्ला खरगपुराकडूनच गेला होता, बँकॉकवर. लक्ष्य काय, तर माक्कासानचा रेल्वे कारखाना. हे आबाजींना पुष्कळ नंतर कळलं आणि त्यांना ते आवडलं नाही. ते स्वतः एका रेल्वे कारखान्याच्या भोंग्यावर उठत, जेवत आणि झोपत होते. बँकॉकच्या त्या कारखान्यालाही भोंगा असेल आणि कुणी मालबाबू असेल, एवढंच ते म्हणाले. पुढे सुपारी कातरायला लागले.

आसामकडे जाणाऱ्या लष्करी गाड्यांत काळे सैनिक पुष्कळ असत. त्यांच्या पलटणी वेगळ्या, वर अधिकारी गोरे. लेडोहून ब्रह्मदेशातून चीनकडे जो रस्ता अमेरिकनांनी खोदला, त्यावरच्या पंधराएक हजार अमेरिकन सैनिकांतले निम्म्याहून जास्त काळे होते, आणि त्या रस्त्यानं अकराशेवर अमेरिकन गिळले. हिंदी, ब्रह्मी, चिनी मजूर किती, त्याची मोजदाद अशी नेटकी सापडत नाही. कलकत्त्याला सुट्टीवर गेले तर काळ्यांचे क्लब वेगळे, गोऱ्यांचे वेगळे. आबाजींना आधी याचं नवल वाटलं. मग त्यांनी स्वतःच आपलं नवल मोडलं: प्लॅटफॉर्मवर 'हिंदू पानी', 'मुसलमान पानी' असे दोन माठ होतेच की. "आपल्याकडे माठ वेगळे, त्यांच्याकडे पलटणी वेगळ्या. लढून कोण कोणाला काय शिकवून राहिलं होतं?"

त्या चष्मेवाल्या सार्जंटची आणखी एक आठवण आहे. ती मी आईकडून ऐकली, तिनं आजीकडून, म्हणजे वाटेत काही गळलं-मिसळलं असेल. १९४४ च्या पावसाळ्यात यार्डात गुडघाभर पाणी भरलं. हमाल, मुकादम, आबाजी स्वतः धोतर खोचून पाण्यातून ये-जा करत होते. सार्जंट धक्क्याच्या कडेला उभा राहिला आणि खाली उतरेना. कुणी हात पुढे केला तरी उतरेना. हमाल हसले. तो पाणी ओसरेपर्यंत पोत्यांवर बसून राहिला. आजीचं म्हणणं, कुणीतरी आबाजींच्या कानात सांगितलं की याची बोट बुडाली होती. कुठली बोट, कधी, कुणी सांगितलं, काही नाही. आबाजींनी ही गोष्ट स्वतः कधी सांगितली नाही.

मी पन्नाशीच्या पुढे गेल्यावर रोहनाबद्दल वाचलं. 'रोहना' ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट, १९२६ साली बांधलेली, साडेआठ हजार टनांची. २६ नोव्हेंबर १९४३ ला, अमेरिकनांच्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, ती अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळून सुएझमार्गे मुंबईकडे निघालेल्या काफिल्यात होती. जर्मन विमानानं तिच्यावर रेडिओनं दिशा देता येणारा बाँब सोडला, त्या काळी अगदी नवं हत्यार. काही होड्या मोडल्या, उरलेल्या पाण्यात धड उतरल्या नाहीत, समुद्र खवळलेला, काळोख पडत आलेला. १,०१५ अमेरिकन सैनिक गेले. शत्रूच्या एका हल्ल्यात समुद्रावर इतके अमेरिकन सैनिक दुसऱ्या कुठल्या बोटीवर मेले नाहीत. 'पायोनियर' नावाच्या सुरुंग काढणाऱ्या जहाजानं सहाशेवर माणसं वर ओढली. मेलेल्यांत सर्वांत जास्त ८५३ क्रमांकाच्या एव्हिएशन इंजिनियर बटालियनचे होते. एव्हिएशन इंजिनियर म्हणजे विमानाचे नव्हेत, विमानाच्या जमिनीचे: पट्ट्या बांधणारे, दाबणारे, बाँब पडून उखडल्या तर पुन्हा भरणारे. वाचलेले पुढे हिंदुस्थानात आले आणि विमानतळ बांधायला लागले.

ही बातमी अमेरिकन सरकारनं दाबली. नव्या हत्याराची कुणकुण नको म्हणून. घरच्यांना आधी 'बेपत्ता' एवढंच कळवलं, आणि बुडण्याची पुरी हकीकत कित्येकांच्या आयांना मरेपर्यंत कळली नाही. वाचलेल्यांना बोलायची मनाई. खरगपूरच्या धक्क्यावर कुणी कुणाच्या कानात सांगितलं असेल तर ते चोरूनच. आमचा सार्जंट त्यांतलाच, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायचा मोह मात्र होतो.

माझं सासर राजापूरकडचं. रोहनाचं मी सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खलाशी कोण होते?" कोकणातल्या बाईलाच सुचेल असा प्रश्न. ब्रिटिश इंडियाच्या बोटींवर कोकणातले खलाशी आणि गोव्याचे बटलर-आचारी पुष्कळ असत. रोहनावरचे खलाशीही हिंदीच होते, आणि त्यांच्यातले शंभराहून अधिक बोटीबरोबर गेले. वाचलेल्या काही सैनिकांनी पुढे लिहिलं की खलाशी घाबरले, होड्या नीट सोडल्या नाहीत. असेलही. पण ज्यांच्यावर ठपका आला त्यांतलं कुणी उत्तर द्यायला राहिलं होतं का, हे आधी पाहावं. सासूबाईंच्या वाडीत त्यांच्या लहानपणी एका घरी कागद आला होता, बोटीवरचा मुलगा गेला म्हणून. कुठली बोट ते कागदात नव्हतं. आई रोज संध्याकाळी उतारावर जाऊन उभी राही. ती रोहनाच, असं सासूबाईंनाही म्हणायचं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी नौसैनिकांची आणि खलाशांची नावं एका नोंदवहीत लिहिलेली आहेत, ती वही मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये असते. रोहनाची जुळी बहीण 'राजुला' मात्र वाचली आणि मद्रास-सिंगापूर करत लढाईनंतर वर्षानुवर्षं धावली.

खरगपूरला परत येते. बी-२९ च्या सगळ्या कारभाराचं मुख्य ठाणं हिजलीला होतं, स्टेशनापासून जवळच. ती इमारत राजबंद्यांचा तुरुंग होती. १६ सप्टेंबर १९३१ ला तिथं शिपायांनी निःशस्त्र कैद्यांवर गोळ्या झाडल्या, संतोष मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे मेले, आणि त्यांचे देह घ्यायला सुभाषबाबू स्वतः आले होते. १९४२ ला तुरुंग रिकामा झाला, १९४४ ला त्यात बाँबर कमांड. ऑगस्टच्या अखेरीस कर्टिस लेमे हे जनरल तिथं येऊन बसले. तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. सुभाषबाबू ज्या जपान्यांच्या मदतीनं इम्फाळकडे सैन्य घेऊन आले होते, त्यांच्यावर बाँब टाकायचे बेत त्याच इमारतीत आखले जात होते. रेल्वे कॉलनीत या दोन्ही बातम्या एकाच चहाबरोबर वाचल्या जात, आणि कुणाची बाजू घ्यावी ते कुणी मोठ्यानं बोलत नसे. आबाजींच्या ट्रंकेत नेताजींचा फोटो होता. सार्जंटला संत्री देणं त्यांनी त्यासाठी थांबवलं नाही.

१९४५ च्या जानेवारीत लेमे ग्वामला गेले. प्रशांत महासागरातली बेटं हाती आल्यावर तिथून जपान जवळ पडत होता, तेलाचे हेलपाटे नकोत. मार्चच्या ९ तारखेच्या रात्री त्यांच्या विमानांनी टोकियो जाळलं, एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं. आमच्या लाइनीवरची विमानंही त्याच सुमारास हलू लागली आणि उन्हाळा पुरा व्हायच्या आत मागोमाग तिकडे गेली. चाकुलिया पुन्हा शांत. सार्जंट निरोप न घेता गेला. पलटण हलली की माणूस हलतो, त्यात त्याचा दोष नाही, असं आबाजी म्हणत. पण बिया त्यानं कुठं लावल्या असतील का, असा विषय एकदा तरी निघेच. आजी म्हणे, लावल्या तरी आंबटच निघणार, नागपूरची माती नाही.

अमेरिकन गेल्यावर त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंचा बाजार झाला. खाटा, मच्छरदाण्या, पिंपं, रबरी चपला. आमच्याकडे हिरव्या रंगाचा एक पत्र्याचा डबा आहे, घट्ट झाकणाचा, गोळ्यांचा असावा. आईच्या मते तो तिथून आला. मामाच्या मते पुलगावच्या डेपोतून, साठ साली, भंगारवाल्याकडून. त्यात आधी पापड असत, हल्ली तुरीची डाळ. हिजलीच्या त्या इमारतीत १९५१ साली देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. मामाचा नातू तिथं शिकून आला. सुट्टीत त्याला सगळ्यांनी खोदून खोदून विचारलं, पण तो मेसच्या जेवणाखेरीज कशावर बोलायला तयार नव्हता. कलाईकुंड्याला आपल्या हवाई दलाचा तळ आहे. पियारडोब्याची पट्टी जंगलात पडून आहे म्हणतात, खालचं काँक्रीट अजून तसंच. ते चांगलं असणारच, बिल्टीत माल पूर्ण उतरला होता.

आबाजींना शेवटपर्यंत टोचत राहिलं ते भलतंच. वॅगन ठरलेल्या तासांत रिकामी केली नाही तर डेमरेज लागतं. अमेरिकनांच्या वॅगनी दोन दोन दिवस भरलेल्या उभ्या राहत, आणि वरून तोंडी हुकूम की लष्कराचा माल आहे, मुकाट्यानं बसा. आबाजी मुकाट्यानं बसले, पण नोंद त्यांनी ठेवली, स्वतःच्या वहीत, तारीखवार. ती वही मी पाहिली आहे. बिनरेघी कागद, वळणदार मोडी, शेवटच्या पानावर बेरीज.

१९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला, त्या सकाळी आमच्या नागपूरच्या घरी रेडिओभोवती आख्खी आळी होती. कुणी पेढे आणले होते. बातम्या संपल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबाजींनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि म्हणाले, "चंद्रावर गेले. जा बाप्पा. पण खरगपूरचं डेमरेज देऊन जायचं होतं."